काय कापणार?

नाणी जमवणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत चांगलं असतं. पोस्टाची तिकिटं जमवणारा तर सुशीलच समजला जातो. जुनी कुलपं, काडेपेट्या, गणपती, दौती, काहीही जमवा. पाहुणे दोन मिनिटं कौतुक करतात आणि चहाकडे वळतात. सुऱ्या जमवणाऱ्याच्या घरी मात्र पाहुणे आधी भिंतीकडे बघतात, मग यजमानाकडे, मग दाराकडे. वास्तविक अडकित्ता म्हणजेही धारदार पातंच. पण पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहून कोणी घाबरल्याचं ऐकिवात नाही, कारण अडकित्ता सुपारी कातरणार हे सगळ्यांना माहीत असतं. विळी भाजी चिरणार, कोयता ऊस तोडणार. म्हणजे भीती पात्याची नसते, ते काय कापणार हे ठाऊक नसल्याची असते.

मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसतं. मी स्वीडनच्या उत्तरेला, लुलेओ नावाच्या गावात राहतो. दिवसभर संगणकासमोर बसतो. शिकार करत नाही, मासे पकडत नाही, आणि जंगलात गेलोच तर पायवाट सोडत नाही. माझ्या हातून कापलं जाणारं सगळ्यात कठीण काय असेल तर ते सुरण, आणि तेही इथे मिळत नाही. असं असून माझ्या घरात स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि सामी मुलखातल्या हातानं घडवलेल्या सुऱ्या आहेत. किती आहेत ते सांगत नाही, कारण हा मजकूर घरीही वाचला जाणार आहे.

या सुऱ्या पहिल्यांदा बघणाऱ्याची जरा निराशाच होते. सिनेमातल्या खलनायकाच्या हाती शोभेल असं त्यांच्यात काही नसतं. पातं जेमतेम तळहाताएवढं. मूठ साधी, पिंपासारखी मधे किंचित फुगीर. मुठीच्या आणि पात्याच्या मधे बोटं अडवणारा आडवा दांडा असतो, तोही फिनिश ‘पूक्को’ला नसतो. घसरला हात तर घसरला; तुम्हाला अक्कल आहे असं ती सुरी गृहीत धरते. हे गृहीत धरणं मला फार आवडतं. हल्ली गरम कॉफीच्या पेल्यावरसुद्धा ‘आतली कॉफी गरम आहे’ असं छापलेलं असतं.

पण दोन-चार दिवस हाताळलं की एकेक गोष्ट उलगडत जाते. पात्याच्या दोन्ही बाजूंना मध्यापासून थेट धारेपर्यंत एकच सपाट उतार असतो. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. जंगलात एकट्या माणसाला गुडघ्यावर दगड ठेवून धार लावता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार. चांगल्या पात्यात मधे कठीण पोलादाचा पातळ थर असतो आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. नुसतं कठीण पोलाद धार छान धरतं, पण गोठलेल्या लाकडात तडकतं. नुसतं मऊ लोखंड वाकतं, पण धारेच्या नावानं शून्य. लोहारानं दोघांचा भट्टीत संसार लावून दिला आणि तो टिकला. पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या पोटातून जाते आणि मागच्या टोकाला ठोकून पक्की केलेली असते. धातू हाताला कुठेच लागत नाही. उणे तीस अंशांत उघडं लोखंड ओलसर कातडीला चिकटून बसतं, हे ज्यानं एकदा अनुभवलं असेल त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

मुठीचं लाकूड बहुतेक वेळा भूर्जाचं. इथे भूर्ज म्हणजे आपल्याकडच्या बाभळीइतका सामान्य, जाल तिकडे पांढऱ्या सालीची उभी झाडं. त्यातल्या एका जातीच्या लाकडात जन्मतःच गोंधळ असतो. आतले धागे सरळ न वाढता कुरळे होतात आणि मधूनमधून तपकिरी बदामासारखे ठिपके उमटतात. वनखात्याच्या दृष्टीनं तो दोष, सुरी करणाऱ्याच्या दृष्टीनं लॉटरी. याहून मला भावते ती सालीची मूठ. भूर्जाची साल चौकोनी तुकड्यांत कापायची, शेकडो तुकडे पात्याच्या शेपटीत एकावर एक ओवायचे, दाबून घट्ट करायचे आणि मग तासायचे. ही मूठ थंडीत गार लागत नाही आणि माशाच्या चिकट हातातूनही निसटत नाही. आपल्या पूर्वजांनी हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर ग्रंथ लिहिले. यांनी तिच्या टोपल्या केल्या, ती छपरात घातली आणि उरली त्याच्या मुठी केल्या. ग्रंथ किती जणांनी वाचले कोण जाणे, छपरं मात्र गळली नाहीत.

म्यान हा तर स्वतंत्र विषय आहे. त्याला बटण नसतं, पट्टी नसते. ओलं चामडं मुठीवर ताणून वाळवलेलं असतं आणि मूठ निम्म्याहून जास्त त्यात बुडते. सुरी खाली ढकलली की ‘टप्’ असा आवाज करून बसते. म्यान कमरपट्ट्याला नुसतं लोंबतं. बोटीत बसा, घसरगाडीवर बसा, खाली वाका, ते बाजूला सरकतं आणि पोटात घुसत नाही. फिनलंडमध्ये जोडम्यानही करतात, मोठ्या सुरीच्या पाठीवर छोटी. मोठी लाकडाला, छोटी नाजूक कामाला. एकत्र कुटुंबाचं इतकं आटोपशीर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

संग्रहातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी सुरी अर्थातच सगळ्यात स्वस्त आहे. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात, सिल्यान तळ्याकाठी मोरा नावाचं गाव आहे. तिथे १८९१ मध्ये फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी आणि १९१२ मध्ये क्रोंग-योहान एरिक्सन यांनी सुऱ्यांचे कारखाने काढले. दोन्ही कारखाने जवळपास शतकभर एकमेकांच्या नाकासमोर सुऱ्या करत राहिले आणि २००५ मध्ये एक झाले. लाल रंगवलेल्या लाकडी मुठीची मोराची सुरी दोघांच्या कॉफी आणि वेलचीच्या बनच्या पैशांत येते. सुतार, कोळी, वीजवाले, शेतकरी सगळे तीच वापरतात, रंगाचा डबा उघडायलाही तीच. खऱ्या संग्राहकानं तिच्याकडे बघूही नये असा संकेत आहे. आमच्या घरी मात्र फणसाचा डबा फोडण्यापासून कुरिअरचं खोकं उघडण्यापर्यंत तीच राबते. कुरळ्या भूर्जाच्या खानदानी सुऱ्या भिंतीवरून बघत असतात.

कारखान्यांबद्दल बोलतोच आहे तर एका नाजूक प्रकरणाचाही उल्लेख करायला हवा. फिनलंडचे मोठे रेखाटनकार तापिओ वीर्क्काला यांनी काचेचे पेले, चांदीची भांडी असं पुष्कळ काही घडवलं. उन्हाळ्यात ते उत्तरेत लॅपलंडमध्ये जाऊन राहत आणि स्वतः लाकूड कोरत. १९६१ मध्ये त्यांनी एक पूक्को आखला, काळी नायलॉनची मूठ आणि पितळेची जोड. ही सुरी संग्राहकांमध्ये अशी पूजली जाते की ती कोणी वापरल्याचं कळलं तर हळहळ व्यक्त होते. लाकूड कोरणाऱ्या माणसानं लाकूड कोरण्यासाठी केलेली सुरी, आणि तिनं लाकूड कोरलं तर किंमत उतरते! आमच्या छंदाचं सगळं शहाणपण या एका वाक्यात मावतं.

आता सुरीचा दुसरा चेहराही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फिनलंडच्या पश्चिमेला पोह्यन्मा नावाचा सपाट, सुपीक, सधन शेतीचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शेतकऱ्यांच्या पोरांनी सुऱ्यांचा धुमाकूळ घातला होता. लग्नात बोलावलं नाही म्हणून मारामारी, बोलावलं तर नाचात पाय पडला म्हणून मारामारी. हॅर्मा भागातले आंटी इसोतालो आणि आंटी रन्नान्यार्वी हे दोघे त्यातले म्होरके. शेवटी दोघांना बेड्या पडल्या. साखळदंड अडकवलेल्या दोघांचा एकत्र फोटोही आहे. त्यात ते असे बसलेत, जणू फोटोग्राफरला त्यांनीच बोलावलंय. पुढे त्यांच्यावर गाणी झाली आणि बदनाम माणसांना लोकगीतात मिळते ती माफी त्यांना मिळाली. गंमत अशी की शेजारच्याच कौहावा गावात इसाक्की यार्वेन्पा यांनी १८७९ मध्ये सुऱ्या करायला सुरुवात केली आणि त्या मुलखाचं नाव मारामारीऐवजी कारागिरीसाठी होऊ लागलं. मुठीच्या टोकाला पितळेचं घोड्याचं डोकं असलेला तिथला पूक्को आता निवृत्तीच्या समारंभात भेट देतात. माझ्याकडेही एक आहे. पेन्शनरांच्या हाती शोभणारं ते घोडं बघून पूर्वी याच मुलखातली लग्नं कशी पार पडत असतील असा विचार येतो.

त्या परंपरेची आठवण ठेवूनच की काय, आता सगळीकडे कायदे आहेत. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्यानं सार्वजनिक जागी सुरी बाळगायला बंदी आहे. मात्र कामासाठी असेल, सबळ कारण असेल, तर चालतं. सुतार पट्ट्याला सुरी लटकवून दुकानात दूध घ्यायला आला तर कोणी दचकत नाही. मी आलो तर दचकतील आणि तेच बरोबर आहे. नॉर्वेत लोक सणासुदीला ‘बुनाद’ हा पारंपरिक पोशाख घालतात, त्याच्या पट्ट्याला नक्षीदार सुरी असते आणि ती चालते. भारतात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी घरकाम, शेती असल्या कामाची नसेल तर शस्त्र म्हणून गणली जाते. म्हणजे सरकार इथलं असो की तिथलं, सुरी बघितल्यावर विचारतं एकच, जे आमचे पाहुणे विचारतात. कस्टमच्या माणसासमोर उभं राहून ‘साहेब, काहीच कापणार नाही, नुसती बघणार आहे’ हे उत्तर कसं वाटेल याची मी कल्पना केली आहे. म्हणून एकही सुरी अजून पुण्याला नेलेली नाही.

इथली शाळा मात्र या प्रश्नात अडकत नाही. ‘स्लॉयड’ म्हणजे हस्तकौशल्य हा स्वीडिश शाळांत सक्तीचा विषय आहे, मुलगा असो वा मुलगी. लाकूडकामाच्या तासाला मुलांच्या हाती खऱ्या धारेची सुरी देतात आणि त्यांच्याकडून पहिली वस्तू बहुधा एकच करून घेतात, लोणी लावायची लाकडी सुरी. या देशात असं घर विरळाच असेल जिथे मुलानं केलेली वेडीवाकडी लोणीसुरी न्याहारीच्या टेबलावर नसते. आमच्या मुलीनं केलेली सुरी एका बाजूला जाड आहे आणि दुसऱ्या बाजूला असल्याचा भास होतो. मी ती भिंतीवर लावली. तिनं संध्याकाळी ती उतरवून टेबलावर आणली आणि तिच्यानं पावाला लोणी लावलं. ‘बाबा, ही वापरायची आहे,’ एवढंच म्हणाली. संग्रहात अशी बंडखोरी झालेली पहिलीच वस्तू.

माझा खरा जीव गुंतलाय तो सामी सुऱ्यांत. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचं कोला द्वीपकल्प हा सामी लोकांचा मुलूख. सगळे सामी काही रेनडिअर पाळत नाहीत, पण जे पाळतात त्यांच्या कमरेला दोन सुऱ्या असतात. एक ‘लेउकु’, वीतभर किंवा त्याहून लांब पात्याची. तिनं भूर्जाच्या फांद्या तोडायच्या, तंबूचे खांब तासायचे, मांसातली हाडं फोडून आतला मगज काढायचा. मूठ मागच्या टोकाला पसरट होत जाते, कारण हातात जाड मोजा असतो आणि घाव घालताना पकड सुटून चालत नाही. दुसरी अगदी छोटी. तिचं मुख्य काम वर्षातून एकदाच येतं, पण ते चुकवून भागत नाही. उन्हाळ्यात, सूर्य मावळतच नाही त्या दिवसांत, कळप कुंपणात आणतात. पाडसू आईच्या मागे धावतं, आईच्या कानावरच्या खुणेवरून मालक कळतो. मग पाडसाला फासा टाकून धरायचं आणि तीच खूण त्याच्या कानावर कापायची. प्रत्येक मालकाची खूण वेगळी असते, सरकारदरबारी तिची नोंद असते. कुठे खाच, कुठे तिरका काप, कुठे टोक उडवलेलं, आणि हे सगळं धडपडणाऱ्या जनावराच्या मऊ कानावर दोन-तीन हातांत, चटकन. कापलेले तुकडे खिशात टाकतात; शेवटी ते मोजले की यंदा पाडसं किती हे कळतं. ज्या सुरीवर माणसाची मालमत्ता ठरते ती बोटाएवढी असते, आणि मी जी ‘दिवाणखान्यात शोभेल’ म्हणून घेतो ती हातभर.

सामी सुरीचं म्यान शिंगाचं. रेनडिअरमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगं येतात आणि दरवर्षी गळतात. माजाचा हंगाम संपला की बडे नर शिंगं टाकून मोकळे होतात. गाभण माद्या मात्र वसंतात वीण होईपर्यंत ती डोक्यावर वागवतात आणि बर्फ उकरून शोधलेल्या चाऱ्यापाशी बिनशिंगी नरांना फिरकू देत नाहीत. (ही माहिती मी घरात सांगितल्यावर ‘निसर्गाला सगळं कळतं’ असा शेरा मिळाला.) अशा शिंगाची दोन फाळं करून आतला सच्छिद्र भाग कोरून काढायचा, ती पुन्हा जोडायची, वरच्या तोंडाला रेनडिअरचं चामडं शिवायचं, खाली पाणी निथळायला भोक ठेवायचं. मग सुरीच्या टोकानं नक्षी. दक्षिणेकडचे सामी त्रिकोण आणि विणीसारखे पट्टे इतके दाट भरतात की बोट ठेवायला कोरी जागा उरत नाही. उत्तरेकडची नक्षी मोकळी. एखादं फूल, एखादी चांदणी, क्वचित धावतं रेनडिअर आणि भोवती पांढरं शिंग तसंच सोडलेलं. ही कला दुओजी म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात सुंदर वस्तू आणि उपयोगी वस्तू असे दोन वेगळे विभागच नाहीत.

नक्षी डोळ्यांना दिसावी म्हणून रेघांत रंग भरतात. पारंपरिक रंग आल्डर नावाच्या झाडाच्या सालीचा. पूर्वी ती साल तोंडात चघळायची, लाळेत मुरली की लाल होते, आणि तो रस रेघांत चोळायचा. त्यांच्या पूजेच्या ढोलांवरची चित्रंही याच रसानं काढलेली. चांगला मुरलेला विडा आणि हा रंग यांत फरक एवढाच की आपल्याकडे ही कला जिन्याच्या कोपऱ्यात वाया जाते.

ढोलांचा विषय निघाला की संग्राहकाला थोडं खाली बघावं लागतं. सतराव्या-अठराव्या शतकात धर्मप्रसारकांनी ते ढोल सैतानाचे म्हणून काढून घेतले, जाळले. वाचले ते लांबच्या राजधान्यांतल्या संग्रहालयांत गेले. पुढे वस्तू जमवणारे विद्वान आले, त्यांनी बाकीचं नेलं. आता उलटा प्रवास चालू आहे. २०२१ मध्ये फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयानं दोन हजारांहून जास्त सामी वस्तू इनारी गावच्या ‘सीदा’ या सामी संग्रहालयाला परत केल्या. ही बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या भिंतीपुढे जरा वेळ उभा राहिलो. माझ्या सुऱ्या करणाऱ्यांच्या हातून, रोख पैसे देऊन, पावतीसकट घेतलेल्या आहेत. तरी कामाच्या वस्तूला कामावरून काढून भिंतीवर बसवलं हा आरोप पावतीनं मिटत नाही.

हा आरोप स्पष्ट शब्दांत प्रथम ठेवला तो सासूबाईंनी. त्या साताऱ्याहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पहिल्या दिवशी भिंतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो, आमच्या आजोबांच्या घरी तलवार होती. दसऱ्याला बाहेर निघायची. तुमच्याकडे रोजच दसरा दिसतोय.’ नंतर स्वयंपाकघरात गेल्या, मोराची लाल सुरी उचलली, अंगठ्यानं धार पाहिली आणि त्या क्षणापासून ती सुरी त्यांची झाली. विळी नसल्याची तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही. भिंतीवरच्या मंडळींकडे मात्र त्या कामावर न जाणाऱ्या जावयाकडे बघावं तसं बघत.

खंडेनवमीला त्यांनी फर्मान काढलं, घरातलं सगळं धारेचं हत्यार पाटावर आलं पाहिजे. धारेचं हत्यार या घरात किती आहे याचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा जाहीर झाला. बायको दाराशी उभी राहून मोजत होती. पाट पुरेना म्हणून जेवणाचं टेबल घेतलं. झेंडू मिळाला नाही, शेवंतीवर भागवलं. मुलीची लोणीसुरीही मांडली गेली, धारेच्या अटीत ती बसत नसताना. मी पुढे सरसावून सांगितलं, की ही पाती साध्या पोलादाची आहेत, पाण्याचा थेंब राहिला तरी गंजतात, तेव्हा हळदीकुंकू कोरडंच लावा. सासूबाई म्हणाल्या, ‘हत्यार आहे, पापड नाही.’ आणि ओल्या बोटांनी एकूणएक सुरीला हळदकुंकू लागलं. दुसऱ्या दिवशी सोनं म्हणून अंगणात गळून पडलेली भूर्जाची पिवळी पानं वाटली. दिसायला आपट्यापेक्षा कितीतरी सोनेरी.

पाती मी रात्रीच पुसून तेल लावून ठेवली, ती वाचली. एका सामी म्यानावर मात्र कुंकू राहून गेलं. शिंगावरच्या बारीक रेघांत ते जाऊन बसलं ते बसलंच. ब्रशनं निघेना, कापसानं निघेना. खरं सांगायचं तर नक्षी पूर्वीपेक्षा उठून दिसू लागली. सालीचा रंग कुठे संपतो आणि कुंकू कुठे सुरू होतं हे मला स्वतःला ओळखता येत नाही.

त्याच म्यानाच्या तोंडाशी चामड्याची शिवण उसवली होती, म्हणून फेब्रुवारीत ते घेऊन योकमोकच्या बाजाराला गेलो. योकमोक आर्क्टिक वर्तुळाच्या जरासं वर आहे. स्वीडनचा राजा नववा कार्ल याच्या हुकमानं १६०५ मध्ये हा बाजार सुरू झाला. उत्तरेतली माणसं एका जागी गोळा झाली की कर वसूल करायला आणि चर्चमध्ये बसवायला सोपी जातात, असा साधा सरकारी हिशेब. कर घेणारे गेले, बाजार राहिला. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून तीन दिवस गोठलेल्या गावात कातडी, टोप्या, वाळवलेलं मांस, कथलाच्या तारेनं विणलेली कडी आणि सुऱ्या. बाहेर थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरतो. आत शाळेच्या सभागृहात दुओजीचं प्रदर्शन, तिथे घाम फुटतो. किमती पाहिल्यावर तर फुटतोच.

ज्यांच्याकडून म्यान घेतलं होतं ते आजोबा कोपऱ्यातल्या टेबलामागे बसले होते. त्यांनी शिवण बघितली, मान हलवली. मग चष्मा कपाळावर चढवून म्यान डोळ्यांजवळ नेलं, बोट जिभेला लावून नक्षीवर घासलं, आणि बोटाकडे बघत विचारलं, ‘ही साल कुठली?’

मी म्हटलं, साल नाही, हळकुंड. हळदीत चुना घातला की ती लाल होते. मग हे तुमच्या सुरीला कोणी लावलं आणि का, तेही सांगावं लागलं. वर्षातला एक दिवस आमच्याकडे हत्यारांना काम देत नाहीत, त्यांना ओवाळतात, हे त्यांना पटल्यासारखं दिसलं. फक्त शंका आली ती त्यांनी विचारली, ‘आणि बाकीच्या दिवशी ही काय करते?’

‘भिंतीवर असते.’

ते काही बोलले नाहीत. दोरा ओवून शिवण घालू लागले. टाके घालून झाल्यावर म्हणाले, ‘तुला पुढच्या वेळी हवी असेल तर तुझ्या कामाची करून देतो. सांग, काय कापणार?’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खरं उत्तर दिलं. ‘आंबा.’ स्टॉकहोमहून उन्हाळ्यात पेट्या येतात आणि आमच्या घरी आंबे कापायचं काम माझ्याकडे असतं.

आजोबांनी आंबा दुकानात पाहिला होता, पण कधी कापला नव्हता. साल जाड की पातळ, गर मांसासारखा की माशासारखा, असं ते विचारत गेले. मग म्हणाले, ‘हाड असतं?’

‘एकच. चपटं. मधोमध.’

त्यांनी खोक्याचा पुठ्ठा पुढे ओढला आणि पेन्सिलीनं पात्याची बाह्यरेषा काढली. हाडाला घासून जायचं तर पातं ताठ नको, किंचित लवचीक हवं. टोक वर उचललेलं, म्हणजे कोयीच्या वळणावर अडणार नाही. रस किती गळतो ते विचारून म्यानाचं भोक पेन्सिलीनंच मोठं केलं. मग सावध केलं, फळाच्या आंबटपणानं साधं पोलाद काळंनिळं पडतं, ते घासून काढत बसू नकोस. मी म्हटलं, माहीत आहे, केळफूल चिरून आमच्याकडच्या विळ्याही काळ्या होतात. विळी म्हणजे काय, तर मी पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला ती काढून दाखवली. पातं उभं आणि स्थिर, माणूस त्यावर पाय ठेवून बसलेला, भाजी हातात आणि ती पात्यावर आणायची. चित्र त्यांनी बराच वेळ उलटसुलट धरून पाहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवलं. दोघांचं आपापसांत सामी भाषेत काही बोलणं झालं, हसणं झालं. मला एवढंच कळलं की पुठ्ठा ते ठेवून घेणार आहेत.

सुरी पुढच्या फेब्रुवारीत मिळेल. आगाऊ रक्कम देऊन आलो आहे. बायकोला सांगितलं की या वेळी सुरी नाही घेतली, स्वयंपाकघरातलं एक हत्यार सांगून ठेवलंय. सासूबाईंना फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी फक्त लांबी विचारली.